नवीन एसएसडीवर विंडोज टाकले, पण जुनी हार्ड डिस्क काढली की संगणक सुरूच होत नाही

कृष्णाकाठ
नमस्कार. कराडला माझे टंकलेखनाचे आणि लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका जुळवून देण्याचे छोटे काम आहे. २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप अजून वापरते. मदरबोर्ड एच८१ चिपसेटचा, प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय३, रॅम ८ जीबी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. वर्षभरात तो इतका संथ झाला की सकाळी बटण दाबून मी चहा करून आणत असे, तरी पडद्यावरचे गोल चक्र फिरतच असायचे. त्यात गेल्या महिन्यापासून हार्ड डिस्कमधून मधूनच टकटक असा आवाज येऊ लागला, म्हणून ५०० जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क; साटा हा जोडणीचा प्रकार) आणून स्वतःच बसवली आणि पेन ड्राइव्हवरून तिच्यावर नव्याने विंडोज १० टाकले.

संगणक आता खरोखर वेगाने सुरू होतो. मात्र प्रत्येक वेळी आधी एक निळा पडदा येतो, त्यावर 'विंडोज १०' दोनदा लिहिलेले असते आणि एक निवडावे लागते. जुनी डिस्क जाईल या भीतीने परवा तिची केबल काढून पाहिली, तर काळ्या पडद्यावर 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' एवढीच ओळ आली. केबल परत लावली की सगळे सुरळीत. दुकानदार म्हणतात, जुन्या मदरबोर्डला एसएसडी चालत नाही, नवा संच घ्या. लग्नसराई तोंडावर आहे आणि नवा संच आत्ता परवडणारा नाही. माझे नेमके काय चुकले आहे?

अडकित्ता
ताई, दोन गोष्टी पाहून सांगा. सुरू करताना डिलीट कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्राममध्ये, गेल्यावर एसएसडीचे नाव दिसते का? आणि जुनी डिस्क काढलेली असतानाही ते दिसते का?

कृष्णाकाठ
हो, दोन्ही वेळा दिसते. नाव आणि क्षमता दोन्ही बरोबर आहेत.

रानजाई
मग मदरबोर्डला एसएसडी चालत नाही हे म्हणणे तेथेच निकालात निघाले. साटा एसएसडी ही बायोसच्या दृष्टीने साधी हार्ड डिस्कच असते. माझ्या भावाकडे याहून जुना एच६१ चा बोर्ड आहे. त्या चिपसेटचे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचेच असल्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी ती गेली चार वर्षे विनातक्रार चालू आहे. कृपया नव्या संचावर पैसे घालू नका.

तारायंत्र
रानजाईंशी सहमत. कृष्णाकाठताई, तुमच्या वर्णनातला तो दोन नावांचा निळा पडदा फार महत्त्वाचा आहे, त्यावरून बहुतेक सगळे कळते.

विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली होती, असे मी धरून चालतो. संगणक सुरू होण्याचे काम दोन टप्प्यांत होते. बायोस आधी एका डिस्कवरचा लहानसा आरंभक शोधतो, आणि तो आरंभक पुढे विंडोज ज्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या ज्या भागावर, आहे तेथे जातो. या दोन गोष्टी एकाच डिस्कवर असल्या पाहिजेत असे बंधन नाही. विंडोज टाकणारा प्रोग्राम आधी पाहतो की संगणकात पूर्वीचा आरंभक आहे का. असला तर तो नवा तयार करत नाही, जुन्याच्याच यादीत नव्या विंडोजचे नाव घालतो. तुमचे नवे विंडोज एसएसडीवर आहे, पण त्याकडे जाण्याची वाट जुन्या डिस्कवरून जाते. ती डिस्क काढली की वाटच उरत नाही. एसएसडीवर सगळे जागच्या जागी आहे, फक्त तेथवर नेणारे कोणी नाही.

याचा दुसरा अर्थ जास्त गंभीर आहे. टकटकणारी डिस्क उद्या बंद पडली तर नव्या एसएसडीवरचे विंडोज धडधाकट असूनही तुमचा संगणक उघडणार नाही. म्हणून लांबणीवर टाकू नका. 'धिस पीसी'वर उजवी कळ दाबून 'मॅनेज'मध्ये जा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा आणि प्रत्येक पार्टिशनखाली कंसात काय लिहिले आहे ते येथे लिहा.

कृष्णाकाठ
होय, दोन्ही डिस्का जोडलेल्याच होत्या. काढायला हवी असे मला कोणी सांगितले नव्हते.

डिस्क ० म्हणजे जुनी १ टीबीची. तिच्यावर सुरुवातीला 'सिस्टम रिझर्व्हड' नावाचे ५०० एमबीचे पार्टिशन आहे आणि त्याखाली 'सिस्टम, अ‍ॅक्टिव्ह, प्रायमरी' असे शब्द आहेत. पुढे जुने विंडोज आणि माझ्या कामाचे पार्टिशन. डिस्क १ म्हणजे एसएसडी. तिच्यावर एकच पार्टिशन आहे, सी, आणि त्याखाली 'बूट' हा शब्द आहे. मला वाटले 'बूट' एसएसडीवर आहे म्हणजे तीच संगणक सुरू करते.

तारायंत्र
तुमची नव्हे, ही त्या शब्दांचीच अडचण आहे. मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत ज्या पार्टिशनवर आरंभाच्या फाइल असतात त्याला 'सिस्टम' म्हणतात, आणि ज्यावर प्रत्यक्ष विंडोज असते त्याला 'बूट'. ऐकणाऱ्याला नेमके उलटे वाटते. तुमचा 'सिस्टम' जुन्या डिस्कवर आहे, तेव्हा निदान पक्के झाले.

पाटवडी
माझे मत थोडे वेगळे आहे. अशी डागडुजी करण्यापेक्षा जुनी डिस्क काढून ठेवावी, बायोसमध्ये यूईएफआय ही संगणक सुरू करण्याची नवी पद्धत निवडावी आणि एसएसडी पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकावे. त्या पद्धतीत डिस्क जीपीटी प्रकारची (नव्या विभागणीची) होते, आरंभकासाठी एफएटी३२ चे वेगळे लहान पार्टिशन बनते आणि सगळे एकाच जागी राहते. मी कार्यालयातले बारा संगणक असेच केले. प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास लागला आणि एकातही अडचण आली नाही. जुन्या पद्धतीवर नवे घर बांधू नये असे मला मनापासून वाटते.

कृष्णाकाठ
पाटवडीजी, आपले म्हणणे पटते, पण माझी एक अडचण आहे. युनिकोडपूर्वीच्या मराठी टंकांचे सॉफ्टवेअर मी वापरते, कारण गावातल्या छापखान्याकडे वीस वर्षांचे साचे त्याच टंकांत आहेत. ते नव्या विंडोजवर बसवायला, त्याचा परवाना पुन्हा सुरू करून घ्यायला आणि कळफलकाची माझी मांडणी लावायला मला दोन दिवस लागले. परवान्यासाठी तीन वेळा दूरध्वनी करावा लागला. ते सगळे पुसून पुन्हा करण्याची हिंमत नाही.

भीमथडी
मग पुसण्याची गरजच नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून 'एमबीआरटूजीपीटी' हे साधन आलेले आहे. ते डेटाला धक्का न लावता एमबीआर, म्हणजे जुन्या विभागणीची, डिस्क जीपीटी करते आणि यूईएफआयचा आरंभकही तयार करते. पाटवडींना हवे ते होईल आणि ताईंचे टंकही राहतील. एका आज्ञेचे काम आहे.

तारायंत्र
भीमथडी, साधन उत्तमच आहे, पण ताईंच्या डिस्कवर ते आत्ता चालणार नाही. रूपांतर करण्याआधी ते तपासणी करते, आणि त्याच डिस्कवर अ‍ॅक्टिव्ह असे सिस्टम पार्टिशन आहे का, त्यातल्या यादीत त्याच डिस्कवरच्या विंडोजची नोंद आहे का, हे पाहते. ताईंच्या एसएसडीवर नेमके तेच नाही. तपासणीतच नकार येईल. आधी एसएसडीवर आरंभक घालावाच लागेल, मग हवे तर रूपांतर.

आणि रूपांतर केल्याने ताईंना काय मिळेल याचाही विचार करावा. एमबीआरची मर्यादा सुमारे २ टीबी आहे, त्यांची एसएसडी ५०० जीबीची आहे. विंडोज ११ साठी यूईएफआय लागते हे खरे, परंतु चौथ्या पिढीचा प्रोसेसर त्याच्या अधिकृत यादीत बसतच नाही. पाटवडींची पद्धत नव्या संगणकासाठी मीही वापरतो. येथे मात्र जेवढे मोडले आहे तेवढेच दुरुस्त करावे.

पाटवडी
परवान्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती लक्षात घेता तुमचा मार्ग योग्य आहे. फक्त एक सांगतो, काहीही करण्याआधी कामाचे सगळे साचे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. टकटक करणाऱ्या डिस्कवर एक दिवसही विसंबू नये.

तारायंत्र
अगदी बरोबर, ते पहिले काम. नंतर असे करा. संगणक बंद करून मागचे वीजबटणही बंद करा आणि जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढा. ज्या पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकले तोच लावा. सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा, ती बोर्डाप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२ असते. यादीत पेन ड्राइव्हचे नाव दोनदा आले तर ज्याच्या आधी 'यूईएफआय' लिहिलेले नाही ते निवडा. भाषेचा पडदा आला की 'इन्स्टॉल'कडे जाऊ नका. शिफ्ट आणि एफ१० एकदम दाबा, आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडेल.

तेथे 'डिस्कपार्ट'मध्ये जाऊन एसएसडी निवडा, तिचे पार्टिशन निवडा आणि 'अ‍ॅक्टिव्ह' ही आज्ञा द्या. पेन ड्राइव्हही यादीत डिस्क म्हणूनच दिसतो, म्हणून क्षमता वाचूनच निवड करा. बाहेर येऊन 'बूटरेक'ला 'फिक्सएमबीआर' करायला सांगा. शेवटी 'बीसीडीबूट' ही आरंभाच्या फाइल तयार करणारी आज्ञा, हिला तीन गोष्टी सांगायच्या असतात: विंडोजचा फोल्डर कोठे आहे, आरंभाच्या फाइल कोणत्या पार्टिशनवर ठेवायच्या, आणि प्रकार बायोसचा आहे. पेन ड्राइव्हवरून आल्यावर पार्टिशनचे अक्षर सीच असेल असे नाही, म्हणून आधी 'डीआयआर' करून विंडोज फोल्डर कोणत्या अक्षराखाली दिसतो ते पाहा.

हडपसरचा वाटसरू
विषय जुळतो म्हणून माझी अडचण विचारतो. माझ्याकडेही त्याच पिढीचा बोर्ड आहे. त्यावर एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच नाही, म्हणून पीसीआय एक्सप्रेसच्या कार्डावर एनव्हीएमई (साटाहून वेगवान प्रकारची) एसएसडी बसवली. विंडोजमध्ये ती दिसते, फाइल वेगाने जातात, पण बायोसच्या यादीत तिचा मागमूस नाही. तारायंत्रजींच्या सांगण्यानुसार आरंभक जुन्या साटा डिस्कवर ठेवून विंडोज एनव्हीएमईवर ठेवता येईल का?

पाणकावळा
विंडोजच्या बाबतीत नाही, आणि कारण समजून घेण्यासारखे आहे. तुमच्या बायोसमध्ये एनव्हीएमई वाचण्याचा ड्रायव्हर नाही. विंडोजचा आरंभक साटा डिस्कवरून सुरू होईलही, पण पुढची डिस्क वाचायला तो बायोसवरच अवलंबून असतो. बायोसला जी डिस्क दिसत नाही तिच्यावरून त्याच्यामार्फत काहीच वाचता येत नाही. लिनक्समध्ये हे जमते. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि त्याच्या आरंभिक फाइल साटा डिस्कवर ठेवल्या की कर्नल तेथून स्मृतीत येतो, आणि त्याच्याकडे स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर असल्यामुळे पुढची सगळी यंत्रणा तो एनव्हीएमईवरून चालवतो. मी घरच्या जुन्या संगणकात तीन वर्षे असेच वापरतो आहे. विंडोजच हवे असेल तर पेन ड्राइव्हवर 'क्लोव्हर' हा वेगळा आरंभक ठेवून त्यातून ड्रायव्हर पुरवता येतो, पण तो पेन ड्राइव्ह कायम लावून ठेवावा लागतो. मी तुमच्या जागी असतो तर साटा एसएसडी घेतली असती आणि एनव्हीएमई कामाच्या फाइलींसाठी ठेवली असती.

हडपसरचा वाटसरू
धन्यवाद. 'दिसते पण सुरू होत नाही' याचे कारण आज पहिल्यांदा नीट कळले. साटा एसएसडीच आणतो.

कृष्णाकाठ
झाले! दुपारी पत्रिकांचे सगळे साचे बाहेरच्या डिस्कवर उतरवले, त्याला सव्वादोन तास लागले. मग कॅबिनेट उघडले. जुन्या डिस्कची साटा केबल खाचेत इतकी घट्ट बसली होती की तिच्यावरची धातूची बारीक पट्टी दाबल्याशिवाय निघत नव्हती. आधी मी नुसतीच ओढत होते. पेन ड्राइव्हवरून गेल्यावर एसएसडीचे अक्षर सी न येता डी आले होते. आपण सांगितले नसते तर मी डोळे मिटून सीच लिहिले असते. 'बीसीडीबूट'ने 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' अशी ओळ दिली आणि पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केल्यावर निळा पडदा न येता थेट माझे विंडोज उघडले. घड्याळ लावून पाहिले, बटण दाबल्यापासून २६ सेकंद. जुन्या डिस्कवर याला साडेतीन मिनिटे लागत. तारायंत्रजी, आपले उपकार कसे मानू कळत नाही.

रानजाई
वाचून फार आनंद झाला, ताई. अभिनंदन!

अडकित्ता
अभिनंदन. आता जुनी डिस्क परत जोडणार असाल तर बायोसमधल्या क्रमाकडे लक्ष द्या. तुमच्या पिढीच्या पुष्कळ बोर्डांवर दोन याद्या असतात. मुख्य क्रमात एकच हार्ड डिस्क दिसते, आणि अनेक डिस्कांपैकी ती कोणती हे 'हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज' या आतल्या यादीत ठरते. लोक पहिल्या यादीत एसएसडी शोधत राहतात आणि ती सापडत नाही.

कृष्णाकाठ
तसेच केले. आतल्या यादीत एसएसडी वर आणली, एफ१० ने जतन केले आणि जुनी डिस्क जोडली. तिच्यावरचे जुने फोटो अजून काढायचे आहेत.

कृष्णाकाठ
तीन दिवसांनी पुन्हा लिहिते आहे. काल संध्याकाळी पाऊस सुरू होताच आमच्या भागातली लाइट गेली, ती रात्री उशिरा आली. आज सकाळी संगणक सुरू केला तर तोच दोन नावांचा निळा पडदा! संगणक चालतो आहे, पण मी केलेले सगळे पुसले गेले का, या विचाराने सकाळपासून कामात लक्ष नाही.

तारायंत्र
काहीही पुसले गेलेले नाही, काळजी करू नका. निळा पडदा दिसतो म्हणजे संगणक पुन्हा जुन्या डिस्कवरच्या आरंभकातून येतो आहे, कारण तो तेथे अजून तसाच आहे. एसएसडीवरचाही जागेवर आहे. प्रश्न एवढाच की बायोसमधला क्रम कोणी उलटवला. बायोसमध्ये जाऊन तारीख काय दिसते ते सांगाल का?

कृष्णाकाठ
१ जानेवारी २०१३! विंडोजमध्ये तारीख बरोबर दिसते, म्हणून माझ्या लक्षात आले नाही.

अडकित्ता
सेल. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. वीज पूर्ण बंद असताना बायोसचे घड्याळ आणि सेटिंग तो जिवंत ठेवतो. २०१४ चा मूळ सेल असेल तर तो संपलेला आहे. एरवी भिंतीवरचे बटण चालू असल्यामुळे बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि दोष झाकला जातो. लाइट गेली की सगळी सेटिंग मूळ स्थितीला येतात, आणि तुमच्या जुन्या डिस्कची केबल पहिल्या पोर्टला असेल तर तीच पुन्हा पहिली होते. विंडोज तारीख इंटरनेटवरून दुरुस्त करून घेते, म्हणून तुम्हाला दिसले नाही.

माझ्या आत्याच्या संगणकात याच सेलपायी साटाची पद्धत दर वेळी एएचसीआयवरून आयडीईवर जात असे आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येत असे. दोनदा विंडोज नव्याने टाकल्यावर मूळ कारण सापडले. जेथे लाइट सारखी जाते तेथे जुन्या संगणकात एसएसडी बसवतानाच सेल बदलावा, असे मी आता सगळ्यांना आग्रहाने सांगतो.

भीमथडी
सेलसोबत दोन्ही डिस्कांच्या केबलींचे पोर्टही आपसात बदलून घ्या. एच८१ वर चार साटा पोर्टांपैकी दोनच सेकंदाला ६ गिगाबिटचे असतात, उरलेले दोन ३ चे. जुनी डिस्क पहिल्या पोर्टवर असेल तर एसएसडी कदाचित संथ पोर्टवर गेली असेल. एसएसडी पहिल्या पोर्टवर आणली की वेगही मिळेल, आणि सेटिंग कधी मूळ स्थितीला गेली तरी तीच पहिली राहण्याची शक्यता वाढेल.

कृष्णाकाठ
सेल बदलला. शेजारच्या घड्याळजींकडे मीटर होता, जुना सेल ३ व्होल्टऐवजी २.३ दाखवत होता. एसएसडी खरोखरच चौथ्या पोर्टला लावलेली निघाली, बोर्डावर बारीक अक्षरांत 'साटा ३जी' असे छापले आहे. ती पहिल्याला लावली, जुनी डिस्क चौथ्याला. क्रम पुन्हा लावून, मागचे बटण बंद करून तासभर वीज तोडून ठेवली. सुरू केल्यावर तारीख बरोबर, निळा पडदा नाही.

जुन्या डिस्कवरचे फोटो रविवारी काढून घेईन. नंतर तिच्यावरचे 'सिस्टम रिझर्व्हड' पुसले तर चालेल ना?

तारायंत्र
फोटो निघाल्यावर ती डिस्क पुन्हा पूर्ण काढून ठेवा आणि आठवडाभर एसएसडीवरच काम करा. लाइट एकदा गेली-आली तरी सगळे नीट चालले, तर खुशाल पुसा.